खेळून बघणारे दादू वस्ताद

दादू वस्तादांच्या तालमीत जिंकलेल्या पोराला लगेच उड्या मारायची परवानगी नव्हती. आधी हरलेल्याला हात देऊन उठवायचं, त्याच्या पाठीची माती आपल्या हाताने पुसायची, मग काय नाचायचं ते नाचा. कुणी विसरलं की वस्ताद ओरडायचे, "आरं गड्या, पाठ लागली, भांडाण मिटलं! पूस की त्येची पाठ!" आष्ट्यात आमचं घर तालमीला लागूनच होतं, त्यामुळे ही आरोळी माझ्या स्वयंपाकघरात रोज यायची.

मी तेव्हा हायस्कूलला मराठी शिकवायचे. पंच्याण्णव-शहाण्णवचा सुमार असेल. एसटी स्टँडसमोर संपत नावाच्या माणसाने प्रवासी भरून नेणारी वडापची जीप विकून व्हिडिओ गेमचं दुकान काढलं. त्याचं घर त्यावरच चालायचं. चार मशीन, त्यातल्या एकावर मारामारीचा खेळ, आणि त्यात म्हणे रक्ताच्या चिळकांड्या उडायच्या. 'म्हणे' अशासाठी, की आमच्या पालक समितीतल्या एकानेही तो पाहिला नव्हता. मीही नाही! तरी 'कोवळ्या मनांवरील हिंसेचे संस्कार' वगैरे झोकात लिहून दुकान बंद करायचं निवेदन मीच तयार केलं आणि पहिली सही ठोकली.

वस्तादही समितीत होते. कागद त्यांच्यापुढे आला तेव्हा त्यांनी विचारलं, "ह्यो खेळ बगितलाय कुनी?"

अध्यक्ष हसले. "वस्ताद, विष काय चाखून बघायचं असतं?"

"आवं, इष हाय का न्हाई ह्येच ठरवायचंय न्हवं? न बगता मान हलवायला मी काय नंदीबैल हाय?" मग माझ्याकडे वळून म्हणाले, "बाई, उद्या चला माझ्यासंगं. तुमीच लिवलंय न्हवं?"

दुसऱ्या दिवशी दुपारी गेलो. पासष्टीचे वस्ताद, डोक्याला पटका, कुस्तीत चुरगळलेले कान, आणि बसायला एवढंसं स्टूल. पोरं खुसुखुसू हसत होती. आधी मोटार पळवायची मशीन झाली. "ह्यात काय वंगाळ हाय? डोळा आन हात एका येळंला चालतोय." बाकीच्या दोनही खेळून झाल्या, मग मारामारीची मशीन. माझ्याच वर्गातला नववीचा सुहास त्यांना बटणं शिकवत होता. वस्ताद तीनदा हरले आणि चक्क रंगात आले. "ह्येचा पाय लय झ्याक चालतोय रं! रगात काय, आमच्याबी नाकातनं आलंय."

चौथ्या खेपेला ते जिंकले. समोरचा आडवा झाला. वस्तादांनी हात काढून घेतला, तसा सुहास घाईने पुढे झाला आणि त्याने दोन बटणं दाबली. जिंकलेला गडी पडलेल्याच्या छातीवर चढला आणि त्याने त्याची मान मोडली.

वस्ताद ताडकन उठले. "पाठ लागली व्हती न्हवं त्येची?"

"व्हय वस्ताद, पण पडल्यावर मारलं की जादा पॉइंट मिळतात."

"कोन देतंय रं त्ये पॉइंट? त्येला आण माज्यासमोर!" तालमीतल्या कुठल्याही भांडणात मी त्यांचा असा आवाज ऐकला नव्हता. संपतला ते म्हणाले, "बाकीच्या तीन ऱ्हाऊ दे. ही पोरांस्नी न्हाई चालायची." संध्याकाळच्या आत ती मशीन हातगाडीवर घालून संपतने घरी नेली.

बैठकीत वस्तादांनी हे सगळं सांगितलं. दुकान राहू द्या म्हणाले. तर अध्यक्ष म्हणतात कसे, "आता सह्या झाल्यात. एक मशीन चांगली, एक वाईट, हे कुणी निवडत बसायचं?"

"आमी निवडलंय की! डाव ठावं न्हाई, खेळ बगितला न्हाई आन पंच व्हायला निगालाय व्हय?" वस्ताद टेबलावर हात आपटून निघून गेले. खोलीत खेळ पाहिलेलं माणूस आता एकच उरलं होतं, आणि ते गप्प बसलं. ते माणूस म्हणजे मी. अध्यक्षांना दुखवायला नको, एवढंच माझ्या डोक्यात. काय म्हणावं याला!

निवेदन पुढे गेलं आणि आठवड्यात दुकानाला कुलूप लागलं. मिळेल ते काम करायला संपत पुण्याला गेला. समितीने माझ्या भाषेचं कौतुक केलं आणि पोरं एसटीने सांगलीला जाऊन तोच खेळ खेळू लागली. तिथे कुठला वस्ताद! आज त्या अध्यक्षांचा राग येतो, पण त्यांच्यापेक्षा माझा जास्त येतो.

मला राहवलं नाही. एका सकाळी तालमीच्या दाराशी गेले. बायकांनी आत जायची पद्धत नव्हती, म्हणून वस्तादच बाहेर आले. मी म्हटलं, "वस्ताद, चुकलं माझं. मी बोलायला हवं होतं."

ते रागावले असते तर बरं झालं असतं. खांद्यावरच्या पंच्याने तोंड पुसत त्यांनी अगदी साधेपणाने विचारलं, "बाई, एक इचारू? पोरांचं पेपर बी तुमी असंच तपासता का, न वाचता?"