फरीदाबादच्या बसची प्रधानकी

माझ्या नवऱ्याची नोकरी फरीदाबादच्या कारखान्यात आणि माझी दिल्लीच्या एका मंत्रालयात. त्यामुळे लग्नानंतर घर कुठे घ्यायचं यावर आमची बरीच चर्चा झाली. चर्चा म्हणजे, त्याने फरीदाबादला घर घेतलं आणि मला सांगितलं की तिथून दिल्लीला एकदम फर्स्ट क्लास बस जाते.

बस जायची हे खरं. मेट्रो तेव्हा कुणाच्या स्वप्नातही नव्हती. डीटीसीच्या, म्हणजे दिल्लीच्या सरकारी बसच्या दाराला लोंबकळण्यापेक्षा सरकारी नोकर एकत्र येऊन महिन्याच्या बोलीवर एक खाजगी बस ठरवत. तिला चार्टर्ड म्हणायचे. सकाळी आमच्या सेक्टरांतून माणसं गोळा करत ती मथुरा रोडने दिल्लीत शिरायची आणि संध्याकाळी तीच माणसं ऑफिसांच्या दारातून उचलून घरी आणायची.

ऑफिसातली उतरंड मला तोंडपाठ होती. कुणाच्या टेबलावर काच आहे, कुणाच्या खुर्चीला हात आहेत, कुणाच्या पायाखाली गालिचा आणि कुणाच्या दारावर लाल दिवा, हे पाहिलं की हुद्दा विचारावा लागत नसे. मी खात्याची परीक्षा देऊन नुकतीच सेक्शन ऑफिसर झाले होते, म्हणजे मला हातांची खुर्ची मिळाली होती. तिच्या पाठीवर टाकायचा टॉवेल मी घरून नेला होता.

बसमध्ये मात्र यातलं काहीच चालत नव्हतं. पहिल्या दिवशी मी चढले तेव्हा पुढच्या सीटवर बसलेल्या पांढऱ्या दाढीच्या सरदारजींनी मला नखशिखांत पाहिलं आणि विचारलं, "नई हो बेटा?"

"हो. म्हणजे, हाँजी."

"तो बॉनेट पे."

बॉनेट म्हणजे ड्रायव्हरच्या शेजारी, इंजिनावरचं झाकण. त्यावर एक चपटी गादी टाकलेली असे. नवा माणूस आधी बॉनेटवर बसायचा, कुणाची बदली झाली किंवा कुणी रिटायर झालं की मागे सरकायचा. हे सरदारजी म्हणजे आमचे प्रधानजी. कुठल्याशा ऑफिसात ते साधे अप्पर डिव्हिजन क्लार्क होते. पण बस कधी सुटणार, खिडकी उघडी राहणार की बंद, मंगळवारी बसमधलं भजन लांबलं तर पत्ते खेळणाऱ्यांनी कुठवर गप्प बसायचं, हे सगळं तेच ठरवायचे. मांडीवर ब्रीफकेस आडवी ठेवून रमी खेळणाऱ्यांत दोन अंडर सेक्रेटरी होते. प्रधानजी नुसते खाकरले तरी तेही पत्ते उलटे ठेवत.

यथावकाश मी बॉनेटवरून उठून दुसऱ्या रांगेत खिडकीशी पोहोचले. विणकाम, शेंगदाणे आणि बदरपूरपर्यंत एक डुलकी, असं माझं बस्तान बसलं.

अशात एका सकाळी बसमध्ये माझे साहेब चढले.

माझे साहेब म्हणजे आमचे उपसचिव, लखनौकडचे. लाल दिवा, गालिचा, सगळं असलेले. त्यांनी फरीदाबादला स्वतःचं घर बांधलं होतं आणि घरून ऑफिसला नेणारी सरकारी गाडी त्यांच्या हुद्द्याला मिळत नव्हती. ते पायरीवर उभे राहिले आणि कुणी उठतंय का म्हणून वाट पाहू लागले. सवयीने मी उठलेच.

"आप बैठो बेटा," प्रधानजी मला म्हणाले. मग साहेबांकडे वळून त्याच मायेने, "नये हो जी? बॉनेट पे आ जाओ."

साहेब बसले! बॉनेटवर बसणाऱ्याचं तोंड मागे, प्रवाशांकडे असतं. त्यामुळे रोज तासभर साहेब आणि मी समोरासमोर. मला शेंगदाणे खाता येईनात, कारण टरफलं टाकायची कुठे? झोप लागेना, कारण तोंड उघडं पडलं तर? साहेबांच्या पुलओव्हरचं भोक मला दिसत होतं आणि मला ते दिसतंय हे साहेबांना दिसत होतं. घरी नवरा म्हणाला, "एक स्वेटर विणून दे ना त्यांना." हा विनोद आहे की सल्ला हे त्याच्याबाबतीत कधीच कळत नसे.

मग दिल्लीची थंडी पडली. फटीफटीतून बोचरं वारं यायचं, आम्ही शालीत गुरफटून कुडकुडायचो आणि साहेब इंजिनाच्या उबेवर मांजरासारखे डोळे मिटून बसायचे. पुढे एक सीट रिकामी झाली तेव्हा प्रधानजींनी त्यांना बोलावलं. साहेब म्हणाले, "नहीं नहीं, हम यहीं ठीक हैं."

वसंत पंचमीच्या सुमारास प्रधानजी रिटायर झाले. त्यांच्या गळ्यात झेंडूचा हार घातला, बसभर बर्फी वाटली आणि दुसऱ्या दिवशी प्रश्न पडला की आता प्रधान कोण? ते काम कुणालाच नको होतं. मालकाशी भांडा, ड्रायव्हरला समजवा, उशिरा येणाऱ्यांसाठी थांबा, नाहीतर शिव्या खा. सगळे खिडकीबाहेर पाहू लागले. शेवटी बॉनेटवरून आवाज आला, "किसी को आपत्ति न हो तो यह दायित्व मैं सँभाल लूँगा."

हरकत कुणाचीच नव्हती. साहेबांनी दुसऱ्याच दिवशी नियमावली टाइप करून आणली. उपनियमांना अ, ब, क असे पोटभेद होते. साहेबांना वाईट वाटू नये म्हणून प्रत्येकाने प्रत घेतली. संध्याकाळी काहींच्या हातात त्याच कागदाच्या पुड्यांतून शेंगदाणे होते.

पहिला नियम वेळेचा होता. बस कुणासाठीही थांबणार नाही.

आता आमच्या बसमध्ये एक बंगाली दीदी होत्या. वयाने माझ्या आईएवढ्या, एका ऑफिसात हेड क्लार्क. गुडघे दुखायचे त्यांचे. बोरांचं गोड लोणचं करून त्या सबंध बसला बोटावर चाखायला लावायच्या. आणि त्या रोज उशिरा यायच्या. बस स्टॉपवर उभी राहिली की गल्लीच्या टोकाला दीदींची छत्री, मग दीदी, मग त्यांच्या मागे विसरलेला डबा घेऊन त्यांचे यजमान, अशी मिरवणूक निघायची. प्रधानजींच्या काळात आम्ही ती रोज पाहायचो.

नव्या राजवटीच्या पहिल्या सोमवारी छत्री दिसली. साहेबांनी घड्याळ पाहिलं. "चलो," ते ड्रायव्हरला म्हणाले.

बस हलली. दीदी हात हलवत धावू लागल्या. त्या गुडघ्यांनी जेवढं धावता येईल तेवढं. सगळ्यांना दिसत होतं आणि कुणीच काही बोलत नव्हतं. माझं काय झालं कोण जाणे, मी उठून उभी राहिले आणि सगळ्या बसला ऐकू जाईल अशी ओरडले, "अहो, थांबवा ना! दिसत नाहीये का तुम्हाला?"

चक्क मराठीत. ड्रायव्हर हरियाणाचा, त्याला मराठीचा गंध नव्हता, पण त्याने करकचून ब्रेक मारला. साहेब बॉनेटवरून अर्धे घसरले. दीदी धापा टाकत चढल्या आणि मागून कुणीतरी म्हणालं, "प्रधान तो अब मैडम हैं!" सगळी बस हसली. मला वाटलं, गंमत चाललीय. संध्याकाळी मालकाचा माणूस नव्या टायरबद्दल बोलायला मला शोधत आला, तेव्हा कळलं की गंमत नव्हती.

ऑफिसात त्या दिवशी साहेबांनी माझी एक फाईल तीनदा परत पाठवली.

मी प्रेमळ प्रधान व्हायचं ठरवलं. सगळ्यांसाठी थांबायचं, सगळ्यांचं ऐकायचं. परिणाम असा झाला की जे वेळेवर यायचे तेही निवांत झाले. एकजण तर बस आली की मग दाढीला बसायचा, कारण मॅडम थांबतात! आमची बस आश्रम चौकात पोहोचेपर्यंत गर्दीचा कहर झालेला असायचा. लोकांना लेटमार्क लागू लागले, अर्ध्या अर्ध्या रजा कापल्या जाऊ लागल्या. ज्यांनी मला प्रधान केलं होतं तेच आता माझ्याकडे पाहून सुस्कारे टाकत. एकदा तर मागच्या रांगेतून स्पष्ट ऐकू आलं, "साहब ही ठीक थे यार."

रविवारी मी जुन्या प्रधानजींच्या घरी गेले. ते अंगणात उन्हात बसून मटार सोलत होते आणि कंटाळले होते. मी सगळं गाऱ्हाणं सांगितलं. ते ऐकता ऐकता त्यांनी एक पातेलं माझ्याही पुढे सरकवलं.

"बेटा, मैं पहले स्टॉप पे बस से भी पहले पहुँचता था," ते म्हणाले. "धुंध हो, बारिश हो. जो पहले आया है, वही पूछ सकता है कि भई, देर क्यों हुई."

"पण दीदींसाठी तर तुम्ही रोज थांबायचात?"

"वो? उनका टाइम मैंने पाँच मिनट पहले का बता रखा था." आणि ते दाढी हलेपर्यंत हसले.

झालं. मी पहिल्या स्टॉपवर बसच्या आधी जाऊ लागले. आमचा स्टॉप खरं तर तिसरा, म्हणजे उलटं चालत जायचं. घरात हाहाकार उडाला. चहा नवऱ्याकडे गेला, मग डबाही. "प्रधानमंत्रीसुद्धा एवढ्या पहाटे उठत नसतील," तो कणीक मळता मळता म्हणायचा. त्याच्या पोळ्या पाहून बसमधल्या बायकांना माझी कीव येऊ लागली. त्याचाही राजकीय फायदा झाला असावा.

बस आल्यावर दाढीला बसणाऱ्याला मी त्याच्याच स्टॉपची जबाबदारी दिली. सगळे आले की नाही हे तू मला सांगायचं, म्हटलं. तो दुसऱ्या दिवशी गुळगुळीत दाढी करून सगळ्यांच्या आधी हजर! राहिल्या दीदी. पाच मिनिटांची युक्ती त्यांनी केव्हाच ओळखली होती, त्यामुळे ती आता चालेना. मी त्यांच्या घरी गेले, यजमानांना भेटले, हात जोडले. "दीदी, मी आता थांबू शकणार नाही," असं हिंदीत, मग तेच पुन्हा अगदी हळू सांगितलं. त्यांनी मला संदेश नावाची बंगाली मिठाई खायला घातली आणि म्हणाल्या, "तुम थामेगा. हम जानता है."

दोन-तीन दिवस त्या वेळेवर आल्या. मग एका सकाळी बस उभी राहिली, स्टॉप रिकामा, आणि गल्लीच्या टोकाला छत्री. सगळी बस माझ्याकडे पाहू लागली. ड्रायव्हर आरशातून पाहू लागला. माझी आई असती तर मी थांबले असते का, हा विचारही मनात येऊन गेला. आई कधीच उशिरा आली नसती, हा दुसरा विचार.

"चलो," मी म्हटलं.

आश्रम चौकापर्यंत रमीचे पत्तेही बाहेर निघाले नाहीत. समोर बॉनेटवर साहेब माझ्याकडे एकटक बघत होते. उतरताना ते माझ्याजवळ थांबले.

"हम छोड़ें तो तानाशाही," ते म्हणाले, "आप छोड़ें तो अनुशासन?"

मी घाबरले. पण बसची पायरी अजून उतरले नव्हते, त्यामुळे जरा धीर होता. "सर, आप पहले ही दिन छोड़ रहे थे," मी म्हटलं. "मैं पहले उनके घर गई थी."

साहेब म्हणाले, "अच्छा. तो ऐसा करते हैं. ऑफिस में आप मेरी सुनिए, बस में मैं आपकी." आणि झपझप निघून गेले.

दीदी महिनाभर माझ्याशी बोलल्या नाहीत. पण वेळेवर येऊ लागल्या. लोणच्याची बरणी सगळ्या बसभर फिरायची, माझ्या रांगेवरून उडी मारून पुढे जायची. साहेबांना त्या मुद्दाम दोन बोटं द्यायच्या. साहेब माझ्याकडे बघत ती सावकाश चाटायचे.

तिकडे ऑफिसात एक विपरीत घडलं. साहेब सगळ्यांच्या आधी येऊन बसू लागले. कॉरिडॉरमध्ये उभे राहून "नमस्ते, आइए" म्हणत. त्यांना कुणाला काही विचारावंच लागत नसे. रोज अर्धा तास उशिरा येणारी माणसं धावत पळत येऊ लागली. हे खूळ साहेबांच्या डोक्यात कुणी भरवलं याचा शोध चालू होता. मी त्या शोधात हिरिरीने सामील झाले होते.

काही वर्षांनी मला दिल्लीतच आर. के. पुरममध्ये सरकारी क्वार्टर मिळालं आणि आम्ही फरीदाबाद सोडलं. शेवटच्या दिवशी बसने मला हार घातला. नवा प्रधान कोण, असं विचारल्यावर या खेपेला कुणी खिडकीबाहेर पाहिलं नाही. सगळ्यांनी दीदींकडे पाहिलं. बस चुकवण्याच्या जेवढ्या तऱ्हा आहेत तेवढ्या सगळ्या त्यांनी स्वतः केलेल्या होत्या. त्यांना कोण फसवणार? दीदी "ना ना, हमारा घुटना" म्हणत लगेच पुढच्या सीटवर जाऊन बसल्या.

पुढच्याच आठवड्यात साहेब ऑफिसात उशिरा उगवले. घामाघूम, टाय खिशात, डीटीसीच्या गर्दीत बुटावर कुणाचा तरी पाय पडलेला. आत जाऊन त्यांनी घंटी मारली आणि मला बोलावलं. मी दोन फाईली छातीशी धरून उभी राहिले.

"वो मुझे छोड़ गईं," साहेब म्हणाले.

"किती, म्हणजे, कितनी देर हुई थी, सर?"

"मैं दिख रहा था! मैंने हाथ भी हिलाया!"

"पहले घर आई थीं, सर?"

साहेबांनी रुमालाने कपाळ पुसलं. "परसों," ते म्हणाले. "मिसेज़ के लिए अचार भी लाई थीं." मग त्यांनी माझ्या हातातली वरची फाईल ओढून घेतली, उघडली आणि पहिल्याच पानावर माझी शुद्धलेखनाची चूक शोधून काढली.