न्हा. प.

मृत्यूपुढे सगळ्या शंका मिटतात, असं म्हणतात. मालिनीताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी एवढंच विचारलं, "कशानं?" पलीकडून त्यांचा भाचा म्हणाला, "आत्या न्हाणीत पडली." ...आणि तोवर मनात नसलेली शंका त्या क्षणी उभी राहिली. ताई गोव्यातल्या पेडण्यात, तेरेखोलच्या वाटेवर, वडिलांच्या घरात एकट्या राहायच्या. त्या बाजूला हल्ली हॉटेलवाले जमिनी बघत फिरतात आणि भाचा हा एकटाच वारस. शिवाय वाक्य त्याच्या तोंडात जरा जास्तच तयार होतं, असं मला वाटलं. कदाचित वाटलंच असेल. पण बाई न्हाणीत पडली हे ऐकून मान डोलवायची माझी सवय खुद्द ताईंनीच मोडली होती, आणि एके काळी ते वाक्य सरकारी कागदावर पानोपानी लिहिणारा माणूस मीच होतो.

तेव्हा मी डिचोली तालुक्यातल्या एका आरोग्य केंद्रात कारकून होतो. खाणी जोरात होत्या, नोंदवहीवरसुद्धा लाल धूळ बसायची. त्या वहीत 'कारण' नावाचा एक रकाना होता, अंगठ्याएवढा रुंद. हात मोडलेली, डोळा सुजलेली बाई यायची, सोबत सासू किंवा नवरा. डॉक्टर मान वर न करता कारण विचारत, उत्तर सोबतचं माणूस देई आणि मी ते लिहून घेई. उत्तर बहुधा एकच असे आणि रकान्यात ते मावत नसे. म्हणून मी त्याचं 'न्हा. प.' केलं. न्हाणीत पडली. मला या शोधाचा थोडा अभिमानही होता, कारण मी रजेवर असताना माझ्या जागी येणारा माणूसही न विचारता तेच लिहू लागला होता.

मालिनीताई आल्या त्या तीन शिक्के असलेलं परवानगीपत्र घेऊन. पणजीच्या एका कॉलेजात त्या समाजशास्त्र शिकवायच्या. मार खाल्लेली बाई दवाखान्यात, पोलीस ठाण्यात, पंचायतीत गेली की पुढे तिचं काय होतं, हा त्यांच्या अभ्यासाचा विषय होता. अभ्यासक मी पाहिले होते. ते थंडीत यायचे, चहा प्यायचे, आपला देश किती मागे आहे ते आम्हाला सांगायचे आणि दुपारच्या बसने जायचे. या बाई घरचा डबा घेऊन बाकावर बसल्या आणि दोन दिवस काहीच बोलल्या नाहीत, त्यामुळे माझा संशय वाढला. तिसऱ्या दिवशी त्यांनी वहीवर बोट ठेवलं. "कारकूनबुवा, ही न्हा. प. कसली साथ आहे?" मी समजावून सांगितलं. पावसाळ्यात लादी निसरडी होते, बायकांची घाई असते, वगैरे. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. "आणि पुरुष?" मी हातातलं काम न थांबवता म्हणालो, "पुरुष कशाला पडतील?"

"आंघोळ करत नसतील," त्या म्हणाल्या आणि स्वतःच्या वहीत काहीतरी लिहिलं.

मी पुढचं पान उलटलं, पण काय वाचतोय ते मला कळत नव्हतं...

नंतर त्यांनी घरं पाहायचं ठरवलं, तेव्हा मी रजा टाकून सोबत गेलो. समाजसेवा म्हणून नव्हे. माझं अक्षर खोटं नाही हे मला सिद्ध करायचं होतं. ताईंच्या पिशवीत शिंप्याची पिवळी टेप होती. दारात गेलं की त्या सांगायच्या, न्हाणीची पाहणी आहे, लांबीरुंदी घ्यायची आहे. नवऱ्याचं बाईशी वागणं कसं, असं विचारायला आलेल्याला कुठल्याही घराने पायरीवरूनच परत पाठवलं असतं. न्हाणीला कोण हरकत घेणार? शिवाय त्या घरांमध्ये आतून कडी लागेल अशी जागा तेवढीच असे. टेपचं दुसरं टोक धरायला म्हणून ताई सुनेला आत घेत आणि कडी लावत. बाहेर सासूला गुंतवायचं काम माझं. विहीर किती लांब, पाणी कोण भरतं, लाकडं कुठली. आमोण्याला एका घरात ताई पाऊण तास आत होत्या. सासूबाईंनी माझ्या सगळ्या प्रश्नांची उत्तरं दिली, मग दाराकडे बघितलं आणि शांतपणे म्हणाल्या, "आमची न्हाणी येवढी मोठी कवां झाली रे?"

कारापूरचं घर मात्र माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. नवरा खाणीच्या ट्रकवर, माणसं सावंतवाडीकडून आलेली. सुनेचं नाव रुक्मिण. तिचा कागद मी तीनदा लिहिला होता, तिन्ही वेळा न्हा. प. सासूने पायरीवरच सांगून टाकलं की सून धांदरट आहे, न्हाणीत पडते. ताई म्हणाल्या, मग न्हाणीच बघूया. आम्ही घराला वळसा घातला. मागे केळी होत्या, एक उलटी बाल्दी होती, आणि बाकी काही नव्हतं. रुक्मिण भांडी घासत होती. हात पदराला पुसत ती म्हणाली, "न्हाणी? खयची न्हाणी? आमी व्हाळार न्हातंव." ओढ्यावर आंघोळ करणाऱ्या बाईला मी तीनदा न्हाणीत पाडलं होतं. ती हे हसत म्हणाली, आणि हसताना तिचा डावा गाल तेवढा हलला नाही.

ताईंनी टेप गुंडाळून पिशवीत ठेवली. येताना बसमध्ये मी म्हणालो, मला काय माहीत, मी सांगतील ते लिहीत होतो. त्या खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "तिला विचारायचं होतं."

पोलीस ठाण्याची वहीही त्यांनी अशीच वाचली. तिथे वाक्य वेगळं होतं, 'समजूत काढून घरी पाठवले.' त्यांनी हवालदाराला विचारलं, समजूत कोणाची? तो म्हणाला, "बाईची. नवऱ्याला समज असतेच." हे वाक्य ताईंनी अहवालात जसंच्या तसं घेतलं. अहवाल पणजीला एका सभागृहात समई लावून प्रकाशित झाला. अध्यक्षांनी तो हातात तोलून वजनदार असल्याचं सांगितलं. मग समिती नेमली गेली. समितीने अहवाल वाचला असावा, निदान त्यातला 'न्हाणी' हा शब्द तरी, कारण पुढे ज्या शिफारशी आल्या त्यात न्हाणीला खरबरीत लादी बसवावी आणि ज्या घरांना न्हाणी नाही त्यांना ती बांधून द्यावी, असं होतं. मारण्याबद्दल, सविस्तर विचार नंतर करू, एवढंच होतं. तो अजून चालू असावा.

रुक्मिणला न्हाणी मिळाली. मी चिडलो होतो. ताई मात्र बघायला गेल्या, मला घेऊन. सिमेंटची चार हातांची खोली, पत्र्याचं दार. रुक्मिणने आम्हाला लादी दाखवली नाही, दार दाखवलं. कडी सरकवून, पुन्हा उघडून. नवरा पिऊन आला की पोरीला घेऊन ती आत बसायची, तो झोपेपर्यंत. "आता कडी तरी आसा, ताई," ती म्हणाली. आपल्या साऱ्या कामातून सरकारने नेमकं काय केलं असं पुढे कोणी विचारलं, तर ताई सांगायच्या, एक कडी. ऐकणाऱ्याला तो विनोद वाटायचा.

मी मात्र नंतर काही दिवस रकान्यात बाईला विचारून लिहू लागलो. सोबतच्या माणसाला बाहेर बसवायचं आणि ती सांगेल ते लिहायचं, रकान्याबाहेर गेलं तरी. वरिष्ठांनी बोलावून विचारलं, तू कारकून की फौजदार? महिन्याभरात प्रशासकीय सोयीसाठी माझी पेडण्याला बदली झाली. सोय कोणाची ते आदेशात नव्हतं. ताई निवृत्त होऊन माहेरच्या घरी आल्या तेव्हा आम्ही शेजारगावचे झालो, आणि दर रविवारी मी त्यांच्याकडे जाऊ लागलो. त्या पाव कडक भाजून चहात बुडवायच्या आणि वर्तमानपत्रातल्या 'पाय घसरून', 'अकस्मात', 'किरकोळ कारणावरून' अशा शब्दांखाली पेन्सिलीने रेघ मारायच्या. माझ्या बायकोचा हात एकदा पंख्याखालच्या स्टुलावरून पडून मोडला. तर तिला एकटीला आत नेऊन त्यांनी विचारलं. मला राग आला होता. आता वाटतं, माझ्यावर त्यांचा जो काही विश्वास होता तो निदान तपासून घेतलेला होता.

शोकसभा मोठी झाली. समितीतले एक गृहस्थ अजून आहेत, ते अध्यक्ष. ताईंनी महिलांच्या जीवनात प्रकाश आणला, असं ते म्हणाले. दुसऱ्या एकांनी ग्रामीण स्वच्छतेच्या क्षेत्रातलं त्यांचं योगदान सांगितलं. मी भाच्याकडे बघत होतो. तो रडत होता, पण रडणारे नवरेही मी दवाखान्याच्या बाकावर पुष्कळ पाहिले होते.

तेराव्यानंतर मी ताईंच्या घरी गेलो. भाच्याला म्हणालो, न्हाणी बघायची आहे. त्याने माझ्याकडे जरा वेळ पाहिलं. त्याला ते विचित्र वाटलं की त्याला कारण कळलं, कोण जाणे... मग कोनाड्यातली पिवळी टेप काढून माझ्या हातात दिली. "आत्या म्हणायची, तुम्ही विचाराल," तो म्हणाला आणि स्वतः अंगणात जाऊन उभा राहिला. शेजारची शेवंता मला मागच्या दारी घेऊन गेली. "कडी भितरसून घातलेली," ती म्हणाली. "आमी नवरा-बायलांनी खांदो लावन दार मोडलां." मी चौकट पाहिली. कोयंडा स्क्रूसकट उपटून आला होता आणि कडी अजून त्यात अडकलेली होती. चुलीवरचं पाण्याचं भाण जागेवर होतं, तांब्या उताणा. आत पाऊल टाकलं आणि माझा पाय सरकला. भाणाला धरलं म्हणून वाचलो.

लादीवर शेवाळ होतं. मालिनीताई न्हाणीतच पडल्या होत्या.