कॉलेजच्या मागचं घर

मोबाईलवर कडक इस्त्रीचा शर्ट घातलेला एक माणूस विद्यार्थ्यांना सल्ला देत होता. कॉलेजची वर्षं भाडं भरत बसण्यापेक्षा सरळ घरच घेऊन टाका, शिक्षण संपलं की विका, म्हणे. वाशीमच्या भाड्याच्या खोलीत, मालकिणीने नळ बंद केलेला असताना, मी हे ऐकत होते. असा संताप आला की फोन गादीवर आपटला.

या माणसाला कधी कोणी आडनाव विचारलं नसणार. वाशीममध्ये खोली मागायला गेलं की पहिला प्रश्न तोच. माझं आडनाव चार-पाच जातींत सापडतं, त्यामुळे समोरच्याची पंचाईत होते. मग गाव विचारतात. कामरगाव, मी सांगते. मग जरा थांबून, अगदी सहज आठवल्यासारखं, "गावात घर कोणत्या बाजूले?" बाजू सांगितली की खोली कालच कोणाला तरी देऊन झालेली असते. कारंज्याची माझी मैत्रीण मुसलमान, तिच्या वडिलांचं शिवणकामाचं दुकान. ती मला चिडवायची, "तुले निदान तीन सवाल तरी विचारतात. माह्यं तं नावातच काम तमाम."

शेवटी आम्हा दोघींना एका गच्चीवरची पत्र्याची खोली मिळाली, तीही जास्त भाड्याने. दुपारी पत्रा असा तापायचा की पुस्तकं घेऊन कॉलेजच्या जिन्यात बसावं लागायचं. एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षाचे माझे दोन विषय तिथेच राहिले. पुन्हा राहिले तर शिक्षण सोडून गावी यायचं, असं घरात ठरलं होतं.

तो व्हिडिओ मी बाबांना चिडून दाखवला, तर त्यांना तो पटला. बाबा कारंज्याच्या एका कार्यालयात शिपाई होते, नुकतेच निवृत्त झाले होते, हातात फंडाची रक्कम होती. "मानूस बरोबर बोलून राह्यला," ते म्हणाले. आम्ही बँकेत विचारायला गेलो. पगार नसलेल्या पोरीच्या नावाने घराचं कर्ज कसं मिळेल, म्हणून तिथला साहेब हसला. म्हणजे विद्यार्थ्याला घर घेता येतं का, तर येतं, त्याच्या बापाला येत असेल तर. घर बाबांच्या नावाने घ्यायचं ठरलं. मैत्रीण माझ्यासोबत राहणार होती.

दलालाने कॉलेजच्या मागचं एक घर काढलं. घरमालकाला त्याने एवढंच सांगितलं होतं की पार्टी सरकारी नोकरीतली आहे. जाताना आम्हाला म्हणाला, "बोलाचं काम मी पाह्यतो भाऊ. तुमी घर पाहा, चहा प्या. फक्त फोन आला तं ते तुमचं तेवढं सांभाळा." बाबा फोन उचलतात तो जय भीम म्हणूनच. कर्ज विकणाऱ्या मुलीलाही जय भीम, गॅस सिलिंडर नोंदवणाऱ्या मशीनच्या आवाजालाही जय भीम. मी दलालाला दोन शब्द सुनावणार होते, पण बाबांनी डोळ्यांनी दटावलं आणि स्वतः मान हलवली.

घर चांगलं होतं. दोन खोल्या, स्वयंपाकघर, मागे पाण्याचा हौद. मागच्या खोलीची खिडकी कॉलेजच्या भिंतीकडे उघडायची आणि भर दुपारीही तिथून वारा येत होता. मी मनातल्या मनात टेबल खिडकीशी मांडलं, मैत्रिणीचा पलंग समोर टाकला. घरमालक पुण्याला मुलाकडे राहायला जाणार होते. "पोरानं सगळं माझ्यावर सोडलं आहे," ते म्हणाले. "शिकणारी मुलगी येते घरात, आनंदच आहे." भाव ठरला. उद्या इसार द्यायचा, असंही ठरलं. त्यांच्या बायकोने बशीत पेढे आणले.

बाबांनी पेढा हातात घेतला आणि फोन वाजला. आईचा होता.

"जय भीम," बाबा म्हणाले. "हो, ठरलं ना. मांगून बोलतो."

दलाल वर पंख्याकडे पाहत राहिला. बाईंनी पेढ्यांची बशी उचलली आणि आत नेली. मग घरमालकांनी, जरा थांबून, अगदी सहज विचारलं, "कामरगावात घर कोणत्या बाजूला म्हणालात?"

बोलता बोलता गावाचं नाव तेवढं निघालं होतं, बाजू आम्ही सांगितलीच नव्हती. "विहाराजवळ," बाबांनी सरळ सांगितलं.

"मुलाला एकदा विचारावं लागेल," ते म्हणाले. "कळवतो."

बसस्टँडवर बाबांनी रुमाल सोडला. त्यात तो पेढा होता. "तू खाय," ते म्हणाले. मी तो घेतला आणि नालीत फेकला. बाबा खाली पाहत बोलले, "चुकलं व माय माह्यं. तोंडातून निंगून गेलं. तेवढं सांभाळलं असतं तं तुह्यं वर्स वाचलं असतं."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. घरमालकाचा राग होताच, दलालाचा होता, खिडकीतून येणाऱ्या त्या वाऱ्याचासुद्धा आला होता. पण बाबांनी माझी माफी मागावी? त्या माणसाने माझी खोली घेतली आणि वर बाबांना गुन्हेगार करून पाठवलं. एवढा राग मला आयुष्यात कधी आला नव्हता.

"तुमी काहून चुकले बाबा?" मी ओरडले. "लाज त्याले वाटाले पाह्यजे."

"हळू बोल. लोक पाहून राह्यले."

कारंज्याची गाडी लागायला वेळ होता. बाकावर आमच्या शेजारी एक माणूस पिशवी मांडीवर घेऊन बसला होता. फोन पुन्हा वाजला. आईच होती, मघापासून वाट पाहत असणार. बाबांनी आधी त्या माणसाकडे पाहिलं, मग फोन कानाला लावला आणि हळूच म्हणाले, "हॅलो."

पलीकडून आईचा घाबरलेला आवाज मलाही ऐकू आला.

"कोन बोलून राह्यलं? ह्यायचा फोन तुमच्यापाशी कसा काय?"