मोठ्या पेटीवरचा पाळणा

माथेरानचा डोंगर आमच्या गावातून आषाढापर्यंत दिसायचा. एकदा ढगात गेला की भाद्रपदातल्या उन्हापर्यंत त्याचा पत्ता नसे. लोधिवलीच्या अलीकडं आमची भातशेती होती. आवणीत रोपं लावताना पाठ सरळ करायला उभी राहिले की मी तिकडं बघायची, आणि डोंगर जिथं असायला हवा तिथं नुसतं पांढरं असायचं. त्या पांढऱ्यात कुणी राहत असेल असं कधी मनात आलं नव्हतं. लग्नाला दोन वर्षं झाली आणि मीच तिथं राहायला गेले.

मुंबईच्या मोठ्या गाड्यांना घाटात विजेची इंजिनं यायच्या आधीची ही गोष्ट. माझे यजमान माथेरानच्या एका हॉटेलात कामाला होते. हंगामात कोठीघर सांभाळायचे. पाऊस लागून नेरळची छोटी गाडी बंद झाली, पाहुणे उतरले, की राखणीला वरच राहायचे. त्या वर्षी त्यांनी मला बरोबर नेलं. का ते बोलले नाहीत, पण मला ठाऊक होतं. माघात मला मुलगा झाला होता. तो दहा दिवस जगला. बाराव्या दिवशी पाळणा बांधायचा म्हणून माझ्या आत्यानं नवं गाणं रचलं होतं, आणि मी ते बाळंतिणीच्या खाटेवर पडल्या पडल्या पाठ केलं होतं. पाळणा बांधायचा राहिला. बाळाला नावही नव्हतं. त्यानंतर घरात सगळे माझ्याशी हळू आवाजात बोलायचे, आणि मी मुळीच बोलत नसे.

वर आम्ही तिघं होतो. तिसरे हॉटेलचे म्हातारे बटलर, गोव्याचे. एक बहीण सोडली तर त्यांचं तिकडं कुणी नव्हतं, म्हणून ते पावसाळाही डोंगरावरच काढत. मी त्यांना बटलरबाबा म्हणायची आणि ते मला बाय.

हॉटेलच्या पश्चिमेच्या भिंतींना गवताचे जाड पडदे बांधलेले असत, तरी धुकं आत यायचंच. दाराखालून यायचं, खिडकीच्या फटीतून यायचं, आणि जेवणाच्या मोठ्या दालनात खुर्च्यांच्या पायांभोवती फिरत राहायचं. मिठाचं पाणी होई. काड्यापेटी मी कमरेला बांधून ठेवायची, नाहीतर काडी पेटत नसे. दुपार झाली की संध्याकाळ झाली हे कळायचं नाही. कधी कधी मला वाटायचं, आपण झोपेत आहोत आणि खाली शेतात कुणीतरी हाका मारून उठवील. पण खरं सांगायचं तर मला ते बरं वाटत होतं. तिथं माझ्याकडं कुणी कीव करून बघत नव्हतं.

त्या दालनाच्या कोपऱ्यात चादरीखाली झाकलेला पियानो होता. आम्ही त्याला मोठी पेटी म्हणायचो. श्रावण लागला तेव्हा बटलरबाबांनी चादर काढली आणि पियानोच्या पोटाखाली निखाऱ्यांची शेगडी आणून ठेवली.

"ओल धरते, बाय," ते म्हणाले. "दर वर्षाला मी तिला शेक देतो. साहेबाला ठाऊक नाही."

"वाजवता येते तुम्हाला?"

"शिकलो नाही कुणापाशी. पाहुणे वाजवताना ट्रे घेऊन मागं उभा राहायचो. बघून बघून आली थोडी."

शेक देऊनही वीसेक पट्ट्या मुक्या होत्या. काही दाबल्या की खालीच राहायच्या, बोटानं उचलून वर आणाव्या लागत. बाबा रोज दुपारी तिथं बसत. त्यांचे हात चांदीची भांडी पुसून पुसून मऊ झालेले होते, आणि ते पट्ट्यांवरून असे फिरत की जणू तिथंही काही पुसायचंच काम आहे.

एके दिवशी मी परसात करटोली चिरत होते आणि दालनातून आत्याच्या पाळण्याची चाल ऐकू आली. विळी तशीच सोडून मी आत गेले.

"हे कुठनं आणलंत?"

बाबा दचकले. "तुझ्याकडनं, बाय. काल तांदूळ निवडताना गुणगुणत होतीस."

मी गुणगुणत होते हे मलाच माहीत नव्हतं. "नका वाजवू," म्हणाले आणि परत येऊन करटोल्यांपाशी बसले. त्यांनी लगेच थांबवलं. रात्री त्यांनी यजमानांना विचारलं असावं, कारण दुसऱ्या दिवशी ते माझ्याशी पहिल्यासारखेच बोलले, पण पियानोवर दुसरंच काहीतरी वाजवत राहिले. तिसऱ्या दिवशी मीच जाऊन म्हटलं, "बाबा, दुसरं कडवं चुकत होतं तुमचं." आणि उभी राहून गाऊन दाखवलं. गळा बसला होता, पण चाल बरोबर आली.

यजमान गावच्या भजनात मृदंग वाजवत. तो त्यांनी वर आणलेला होता. ओलीनं त्याचं कातडं सैल पडे, म्हणून तेही त्याला शेगडीजवळ ठेवीत. अशी दोन वाद्यं एका शेगडीला शेकत बसलेली मी बघायची. गोकुळाष्टमी जवळ आली तेव्हा यजमान म्हणाले, "आपन वर जेवढे हाव तेवढ्यांनी काला करू. रातीच्या धुक्यात कोन येनार? दुसऱ्या दिवशी दुपारचाच पाळना म्हनू, मग काला."

"पाळणा कोण म्हणणार?" मी विचारलं.

त्यांनी मृदंग शेगडीकडं वळवला. आमच्या गावात रीत होती, जिचं मूल नुकतं गेलं असेल तिनं त्या दिवशी दोरीला हात लावायचा नाही. मी म्हटलं, "मी लाह्या भाजीन, दही लावीन. पाळण्यापाशी यायची नाही."

"बरं," ते म्हणाले.

काल्याच्या दिवशी माणसं आली ती धुक्यातून एकेक करून, आधी खोकला ऐकू यायचा, मग माणूस दिसायचं. शेजारच्या दोन बंगल्यांचे राखणदार आले. पावसात सगळी घोडी खाली उतरतात, पण एक लंगडी घोडी उतरू शकत नव्हती म्हणून तिच्याबरोबर मागं राहिलेले एक मुसलमान चाचा डफ घेऊन आले. येताना आपल्या म्हशीच्या दुधाचं दहीही घेऊन आले, मी लावलेलं थंडीनं विरजलंच नव्हतं. खालच्या वाडीवरचं एक ठाकराचं जोडपं भाजी घेऊन वर यायचं, तेही त्या दिवशी थांबलं. नवऱ्याच्या कमरेला पावा खोचलेला आणि बायकोच्या पाठीवर झोळीत दोन महिन्यांचं मूल.

यजमानांनी धोब्याची वेताची टोपली दोरांनी दालनाच्या तुळईला टांगली होती. मूर्ती नव्हती. बाळाच्या कुंचीत गुंडाळून नारळ ठेवायचं ठरलं होतं. मी स्वयंपाकघराच्या दारात परात घेऊन उभी राहिले.

ठाकरीण टोपलीपाशी गेली, आत वाकून बघितलं, नारळ उचलून तिनं नवऱ्याच्या हातात दिला.

"ह्यो कशाला? माजं हाय की." आणि तिनं झोळी सोडून झोपलेलं मूल टोपलीत ठेवलं. ती मुलगी होती. यजमानांनी दोरांच्या गाठी ओढून बघितल्या. मग ठाकरीण झोक्याची दोरी घेऊन सरळ माझ्याकडं आली.

"वैनी, धर गं. तुमचं गानं मला येत नाय."

"मी नको," मी म्हटलं. "माझं बाळ गेलंय."

तिनं माझ्याकडं बघितलं. तिच्या कपाळावर धुक्याचं पाणी बसलेलं होतं. "माजी दोन गेली," ती म्हणाली. "धर."

परात कुणी घेतली ते आठवत नाही. दोरी ओली होती. बाबांनी पहिली ओळ वाजवली आणि थांबले, पुन्हा वाजवली, पुन्हा थांबले. तिसऱ्यांदा मी सुरुवात केली. चाल जिथं वर चढते तिथली पट्टी मुकी होती, तिथं फक्त लाकडाचं ठक् व्हायचं, आणि तेवढा सूर मला एकटीला धरावा लागायचा. पहिल्या वेळी मी घाबरले. नंतर त्या ठक् ची वाटच बघू लागले. यजमानांचा हात मृदंगावर इतका हलका पडत होता की ऐकू येण्याऐवजी तो पायाखालच्या फळ्यांतून कळायचा. मध्येच त्यांचा ठेका चुकला. त्यांचा ठेका चुकलेला मी तो एकदाच ऐकला. मी वळून बघितलं नाही.

धुकं टोपलीपर्यंत चढलं होतं. झोका पुढं गेला की दिसेनासा व्हायचा, मागं आला की त्यात एक मूठ दिसायची. मी किती वेळ गात होते ते सांगता यायचं नाही. शेवटच्या कडव्यात बाळाचं नाव घालायचं होतं. आत्यानं ती जागा रिकामी ठेवली होती. तिथं आले आणि थांबले. ठाकरीण माझ्याशेजारीच बसली होती, तिनं हळूच आपल्या मुलीचं नाव सांगितलं. मी तेच घातलं. ती हसली आणि पदर तोंडाला लावून बसली. वाडीवर बारशाला कुणी गाणं म्हटलं नव्हतं म्हणे, पाऊस फार होता.

मग ठाकरानं पावा काढला. त्याचा सूर पियानोशी मुळीच जुळत नव्हता. बाबा पट्ट्या चाचपत त्याच्यामागं गेले, तो थांबायचा, बाबा यायचे, मग तो पुढं निघायचा. चाचांनी डफ उचलला तशी राखणदार उठून फेर धरू लागले. यजमानांनी दालनाच्या कमानीला मडकं टांगलं होतं, ते हातानंच फुटेल इतकं खाली. चाचांनीच ते फोडलं. दही, लाह्या, काकडी सगळ्यांच्या अंगावर, जमिनीवर, पियानोवर. मी हसले. यजमान माझ्याकडं बघतच राहिले, आणि मग तेही हसले.

वाडीवरची मंडळी उजेड असतानाच निघाली. ती धुक्यात शिरल्यावरही बराच वेळ ठाकरणीचा आवाज येत होता. चाल माझ्या आत्याची होती, शब्द त्यांच्या बोलीतले. वळणावर तो कमी व्हायचा, पुढच्या वळणावर पुन्हा यायचा. बटलरबाबा ओल्या फडक्यानं पट्ट्या पुसत होते.

आश्विनात गाडी सुरू झाली आणि मुंबईहून पियानोचे सूर लावणारा माणूस आला. त्यानं झाकण उघडलं तर आत लाह्या. मालकांनी बाबांना बोलावून विचारलं. "उंदीर, साहेब," बाबा गंभीर चेहऱ्यानं म्हणाले. "फार उंदीर पावसाळ्यात." मी पडद्यामागं चादरींच्या घड्या घालत होते, तोंडात पदर कोंबून तिथंच खाली बसले.

पुढं चार पावसाळे आम्ही वर काढले. दर वर्षी काला झाला. माणसं वाढत गेली, वाडीवरून एकदा पंधराजण आले. तिसऱ्या वर्षी मी माझ्या मुलीला घेऊन बसले होते. ती टोपलीत ठेवू देईना, खांद्यावरूनच तिनं सगळं ऐकलं. त्यानंतरच्या वर्षी बाबांची बोटं आखडली. ते नुसते पियानोसमोर बसत, एका बोटानं चालीची सुरुवात दाखवत आणि पुढचं आम्हाला म्हणू देत. दिवाळीनंतर ते बहिणीकडं गोव्याला गेले. नेरळला उतरणाऱ्या गाडीत मी त्यांना करंज्यांचा डबा दिला. त्यांनी तो मांडीवर ठेवला आणि गाडी हलेपर्यंत झाकणावर बोटं फिरवत राहिले.

"दुसरं कडवं आता बरोबर येतं ना, बाय?" त्यांनी विचारलं.

"येतं," मी म्हटलं.