अन्वरनं पोटात ठेवलेली गोष्ट

माझ्या मुलीच्या शिरेत बुडबुड्यांचं औषध सोडून तिची सोनोग्राफी झाली होती आणि तिच्यासाठी सही मीच केली होती, हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. आम्हा घरच्यांखेरीज ते एकाच माणसाला ठाऊक होतं. बारामतीचा रेडिओलॉजिस्ट डॉ. अन्वर, निरवांगीच्या शाळेपासूनचा माझा मित्र. गेल्या महिन्यात दवाखान्यात एका बाळाला तपासत होतो, तेव्हा अन्वरच्या धाकट्या भावाचा फोन आला. "भाईजान गेले..." झोपेतच हृदय थांबलं होतं. दफनाला गेलो, मूठभर माती दिली. परत येताना गाडीत जाणवलं, ज्याच्यासाठी ही गोष्ट सांगायला हवी होती, तोच आता उरला नाही.

मी इंदापूरला मुलांचा डॉक्टर. पोटाची काही शंका आली की लेकरू अन्वरकडे पाठवायचो. जेलीची बाटली तो आधी गरम पाण्यात ठेवायचा, थेंबभर स्वतःच्या मनगटाला लावून बघायचा आणि मग म्हणायचा, "चल, तुझ्या पोटातला टीव्ही लावू. काल काय चोरून खाल्लंस ते दिसतंय का बघू." रडणारं पोर पोट आत ओढून घ्यायचं आणि हसायचं. तपासणी झाली की मला फोन. निदान दोन वाक्यांत, बाकी सगळ्या गप्पा. अजूनही एखादं मूल बारामतीला पाठवलं की दुपारी माझं लक्ष फोनकडे जातं...

सई तेव्हा दुसरीत होती. काविळीसाठी सोनोग्राफी केली आणि यकृतात एक डाग दिसला. सीटी स्कॅन म्हणजे किरणं, एमआरआय म्हणजे तिला गुंगी द्यायची. अन्वर म्हणाला, डाग नीट उजळून दिसावा म्हणून शिरेतून कॉन्ट्रास्टचं औषध देऊन सोनोग्राफीच करू. त्यात वायूचे अतिसूक्ष्म बुडबुडे असतात, तांबड्या पेशीहून मोठे नाहीत. रक्ताबरोबर फिरतात, थोड्या वेळानं फुटतात आणि वायू श्वासावाटे निघून जातो. मूत्रपिंडांवर ताण नाही. क्वचित कुणाला ॲलर्जी येते, म्हणून त्यावरची इंजेक्शनं हाताशी ठेवायची. लहान मुलांत हे आपल्याकडं अजून फारसं रुळलेलं नाही, हेही त्यानं सांगितलं आणि माझी सही घेतली. मैत्रीची सवलत दिली नाही. काळ्या पडद्यावर तो डाग कडेकडेनं उजळत आत भरत गेला. शाळेतल्या हाकेनं तो म्हणाला, "रक्तवाहिन्यांची साधी गाठ हाय, दिल्या. घरी जा, जेव." मी तिथंच रडलो. मग शुद्धीवर आल्यासारखं आम्ही नवराबायकोनं त्याला बजावलं, मुलीची जात आहे, हे कुठं फुटायला नको. "माझ्याकडनं न्हाय फुटणार," तो म्हणाला.

पुढच्याच वर्षी कळसचा ओंकार उसाच्या ट्रॉलीवरून पडला. यकृताला चीर गेली. पुण्याला उपचार होऊन पोर घरी आलं, पण जखम भरतेय का ते पाहायला सारखं सीटी नको, म्हणून मी त्याला अन्वरकडे नेलं. सोबत त्याचे आजोबा, आबा. अन्वरनं त्यांना सगळं सांगितलं, बुडबुड्यांसकट. आबा म्हणाले, "सलाईनच्या नळीत एक बुडबुडा दिसला तर आमी नर्सला हाका मारतो, आन् तुमी त्यो मुद्दाम सोडताय व्हय?" अन्वर हसला नाही. नळीतली मोठी हवा घातकच, तुम्ही लक्ष ठेवता ते बरोबरच आहे, असं म्हणून त्यानं दोन्हींतला फरक समजावला. बुडबुडे कशाला म्हणालास, नुसतं औषध म्हणायचं, असं मी त्याला बाजूला घेऊन म्हटलं. तर म्हणाला, उद्या दुसऱ्याकडनं कळल्यावर मी काय तोंड दाखवू?

आबा राजी झाले, तपासणी झाली. जखम छान भरत आली होती. पण ओंकारच्या हातांवर, छातीवर पित्तासारख्या गांधी उठल्या. अन्वरनं लगेच औषध दिलं, गांधी उतरेपर्यंत पोराला नजरेसमोर बसवून ठेवलं. पोर धडधाकट घरी गेलं. कळसमध्ये मात्र बोलणं उठलं, बारामतीचा डॉक्टर लेकरांच्या रक्तात हवा भरतो.

आबा इंदापूरला माझ्याकडे आले. भांडायला नाही, विचारायला. बसलेही नाहीत.

"डॉक्टर, सोताच्या लेकराला तुमी हे दिलं असतं का?"

मी औषधाच्या कपाटाकडे बघत म्हणालो, "प्रत्येक केस वेगळी असते, आबा."

त्यांनी टोपी नीट केली आणि गेले. माझं ते वाक्य मात्र गावोगाव फिरलं. मुलांचा डॉक्टरच होय म्हणत नाही म्हटल्यावर पालक अडू लागले. हळूहळू अन्वरनं मुलांसाठी ती तपासणी बंद केली, आणि जी लेकरं बारामतीत तपासून संध्याकाळी घरी जेवली असती, ती पुण्याला सीटीच्या रांगेत बसू लागली.

एका वाक्यात तो स्वतःला सोडवू शकला असता. याच डॉक्टरच्या पोरीची तपासणी मी केलीय, एवढं म्हणायचं होतं. तो म्हणाला नाही. त्या दिवसांत त्याचा फोन आला, मला वाटलं आता जाब विचारील. त्यानं विचारलं, "सई बरी हाय ना?"

परवा त्याच्या सोनोग्राफीच्या खोलीत जाऊन आलो. पडद्यासमोर आईबापांसाठी त्यानं मुद्दाम ठेवलेली खुर्ची अजून तिथंच आहे. तिच्यावर बसलो. मशीन बंद होतं. तरी वाटत राहिलं, आत्ता तो हात पुसत येईल...

हे लिहिण्याआधी सईला विचारलं. ती आता कॉलेजात आहे. म्हणाली, लपवण्यासारखं त्यात काय होतं, बाबा?

अन्वरची माफी आता मागता येत नाही. आबा आहेत, कळसलाच. नजर अधू झालीय, पेपरात हे छापून आलं तरी त्यांना वाचता येणार नाही. त्यांच्यासमोर उभं राहून "होय आबा, दिलं होतं" एवढं सांगणं माझ्याकडं बाकी आहे.