आइस्क्रीमच्या डब्यातली अंडी

नव्वदच्या दशकात मी परदेशात, वेस्टमीड नावाच्या उपनगराजवळच्या एका लॅबमध्ये होते. शेतात फवारलेल्या औषधांचा रानातल्या पक्ष्यांना किती धोका, हे ठरवायचं आमचं काम. ऐकायला भारी वाटतं, प्रत्यक्षात भागाकार. पक्ष्याच्या पोटात किती औषध जात असेल याचा अंदाज बांधायचा आणि पिंजऱ्यातल्या लावा पक्ष्याला जेवढ्याने अपाय होतो, त्या आकड्याने भागायचं. उत्तर एकाच्या खाली आलं की धोका ‘मान्य’. कोणाला मान्य, हे विचारायची पद्धत नव्हती.

एकदा कापसाच्या पट्ट्यातून एका म्हाताऱ्या बाईंचा फोन आला. त्या दलदलीच्या काठी एकट्याच राहत. वाकड्या चोचीचे आयबिस पक्षी अंड्यांवर बसतात, पण पिल्लंच निघत नाहीत, असं त्या सांगत होत्या. दलदलीभोवती थोड्या जागेत फवारणी बंद करा, एवढंच त्यांचं म्हणणं. मला हुरूप आला. रानातली खरी अंडी हाती आली तर तो लावा गेला उडत! “पिल्लं न निघालेली अंडी आणा,” मी म्हटलं, “स्वच्छ डब्यात, गार ठेवून.”

अंडं धुवायचं नाही, प्लॅस्टिकला लावायचं नाही, एकेक फॉइलमध्ये गुंडाळून गोठवायचं, हे आमच्याकडे पहिल्याच दिवशी शिकवतात. इतकं अंगवळणी पडलेलं, की त्यांना सांगायचं मला सुचलंच नाही.

बाई दिवसभर ट्रेनने प्रवास करून स्वतः आल्या. अंडी साबणाने घासूनपुसून आइस्क्रीमच्या डब्यात भरलेली. वाटेत सगळी फुटून एक झालेली. “छान स्वच्छ करून आणली आहेत हं, लव्ह,” त्या मायेने म्हणाल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

त्या गेल्यावर माझ्या मुंबईकर वरिष्ठाने डब्यात डोकावून पाहिलं. “अगं, हे रिजेक्टच होणार. यातलं अंड्याचं काय आणि प्लॅस्टिकचं काय, कोण सांगणार?”

“चूक माझी आहे रे. दुसरी मागवू या ना.”

“नेस्टिंग सीझन संपला. रिपोर्ट फ्रायडेला जायचाय.”

मी तावातावाने भांडले, मग रडले. त्याच्याही हातात काही नव्हतं. ‘रानातील ग्राह्य नमुना उपलब्ध नाही,’ असं मीच लिहिलं, लाव्याच्या आकड्याने भागलं, उत्तर एकाच्या खाली आलं. पुढच्या काही वर्षांसाठी पार पाण्याच्या काठापर्यंत फवारायला परवानगी मिळाली. अहवालावर सही माझी होती.

बाईंना फोन करून म्हटलं, तुमचं काही चुकलं नाही, मीच नीट सांगितलं नाही. फॉइलचंही सांगितलं.

“नो वरीज, पुढच्या सीझनला तशी आणते की,” त्या म्हणाल्या.

परवानगीचं सांगायला मी तोंड उघडलं. तेवढ्यात त्यांनी विचारलं, एका अंड्याला फॉइलचा केवढा तुकडा लागतो. कागद-पेन्सिल घेऊनच बसल्या होत्या.

मी माप सांगितलं.