बेटीच्या गोठ्याला पहिला नंबर

नाव बेटी, वय पासष्ट. बँकेचा नवा माणूस हे नाव मोठ्यानं पुकारतो, समोर ही काटक म्हातारी उभी राहिलेली बघतो आणि तिच्या मागून कुणी मुलगी येईल म्हणून थांबतो. कुणी येत नाही. बेटीनं कॉलेजचं एक वर्ष केलं, आईनं अंथरूण धरलं तेव्हा सोडलं, पुढे लग्न राहून गेलं. त्यावर कुणी हळहळलं तर ती त्याच्या हातात शेणाची पाटी देते. वसईतल्या होळी गावच्या वाडीत तिचं म्हणावं असं एकच, मागच्या अंगणातला गोठा आणि त्यातली ज्युली नावाची गाय. ही चौथी ज्युली. आधीच्या तिघींनी नाव बदलावं असं काही केलं नव्हतं.

पुढचं घर थोरल्या भावाचं. ॲन्सेल्मनी चौतीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवली. सगळं गाव त्यांना सर म्हणतं म्हणून बेटीही सर म्हणते, फक्त तिच्या तोंडी ते टोपणनावासारखं वाटतं. सरांनी चौतीस वर्षं मुलांना एकच गोष्ट घोकून घेतली होती. सौंदर्य वस्तूत नसतं, मनात असतं. मन काढून घेतलं की उरतो नुसता लाकूडफाटा.

"माझं मन काढून घेतलं तर ज्युली दूध द्यायची थांबेल का?" बेटी विचारायची.

"दुधाचं नाही गं, रूपाचं बोलतोय मी."

"तिला रूप आहे. तू बघ नाहीतर नको बघू."

हा वाद चाळीस वर्षं चालला आणि कुणाचं काही बिघडलं नाही. पण यंदा सरांच्या मुलानं, शेल्डननं, गाडी बुक केली. गाडी ठेवायला जागा एकच. जेवणाच्या टेबलावर ठरलं, की नाताळनंतर सहा जानेवारीला येणारा तीन राजांचा सण झाला की दुसऱ्या दिवशी गोठा पाडायचा आणि ज्युलीला आगाशीला हरेश्वरच्या वाडीत द्यायचं. हरेश्वर माणूस चांगला. बेटीनं सरांकडे पाहिलं. सर म्हणाले, "तसाही तो गोठा डोळ्यांत खुपतोच. त्याला ना आकार, ना रचना." बेटी ताट घेऊन उठली.

आता इथं एक गोष्ट सांगायला हवी. वसईत नाताळला घरोघरी येशूजन्माचा देखावा करतात, त्यालाही गोठाच म्हणतात. चर्चची गोठ्यांची स्पर्धा असते. पुढच्या ओटीवरचा सरांचा गोठा सलग नऊ वर्षं पहिला आला होता, त्यात डोंगर, दिवे, खरं पाणी पडणारा धबधबा, सगळं असायचं. बेटीच्या तोंडी मात्र तो 'सरांचा देखावा'. गोठा म्हणजे ज्युलीचा.

नाताळच्या तिसऱ्या दिवशी धबधब्याची मोटर जळली. सर देखाव्यावर चादर टाकून नवी मोटर आणायला आगाशीला गेले आणि नेमके तेव्हाच परीक्षक आले. भांडणं नकोत म्हणून परीक्षक दरवर्षी बाहेरचे आणतात. यंदा विरारच्या फुलपाड्याहून दोघं होती, कॉलेजात सौंदर्यशास्त्र शिकवणाऱ्या ज्ञानदा मॅडम आणि मालिकांचे सेट उभारणारा हर्षवर्धन. निघताना त्यांना बजावलं होतं, क्रिब म्हणू नका, इथं गोठा म्हणतात.

"आम्ही गोठा बघायला आलोय," ज्ञानदा मॅडम म्हणाल्या.

चार दिवसांपूर्वी ज्युलीला वासरू झालं होतं आणि त्याच्या कानाला बिल्ला मारायला जनावरांच्या दवाखान्यातून कुणी यायचं होतं. बेटी म्हणाली, "मागे या. चपला सांभाळा."

आत शेल्डनची बायको कॅरल पोत्यावर बसून तान्ह्याला वासरू दाखवत होती. शेल्डन मेढीला टेकून, जागा किती फूट भरते ते नजरेनं मोजत उभा होता. पत्र्याच्या भोकातून संध्याकाळचं ऊन तिरपं येऊन थेट बाळाच्या टकलावर पडलं होतं. ज्युली रवंथ करत होती. दोघं परीक्षक दारातच थबकले.

"जिवंत," हर्षवर्धन पुटपुटला.

"मेलेलं कशाला दाखवीन?" बेटी म्हणाली.

मॅडमनी वही उघडली. "किती दिवस लागले याला?"

"नऊ महिने नऊ दिवस."

"बापरे. आणि मूळ कल्पना कुणाची?"

"कल्पना कसली त्यात? डॉक्टर येऊन इंजेक्शन देऊन गेला."

मॅडमनी वहीत 'विनोदबुद्धी' असं लिहिलं. "यात तुमचा स्वतःचा वाटा काय?"

"शेण काढायचं," बेटी म्हणाली. "बिल्ला कधी मारताय?"

"तो चर्चमध्ये मिळेल," हर्षवर्धन आदबीनं म्हणाला. बेटीला वाटलं, दवाखान्याचा कारभार अलीकडे फारच सुधारला.

रविवारी चर्चमध्ये मिस्सा झाल्यावर निकाल लागला. ॲन्सेल्म सरांचं घर, पहिला क्रमांक. सर कोट सारखा करत दहाव्यांदा मंचावर चढले. ढाल हातात आली आणि मॅडम माईकवर अभिप्राय वाचू लागल्या, "प्रकाशाचा अचूक कोन, कुठेही हौशी सजावट नाही, धबधबा वगैरेचा मोह टाळलेला, आणि शेणाचा धाडसी वापर..."

सरांचा चेहरा ढालीपेक्षा पांढरा पडला. खाली बेटी एवढी हसली, की शेजारच्या सालोमीनं तिला पाण्याची बाटली दिली.

घरी येताच सर फुटले. "ही ढाल परत जाणार. तो गोठा कुणी रचला? कुणीच नाही. मग त्यात रचना आली कुठून?"

"तूच सांग. तू सर."

"परीक्षकांच्या मनातून."

"मग ढाल त्यांनाच दे. आणि ती दोघं यायच्या आधी ऊन बाळाच्या टकलावर पडलंच नव्हतं का?"

सरांनी त्याच रात्री मॅडमना भलामोठा मेसेज पाठवला. सकाळी उत्तर आलं, "रचना होती. ती कुणाची, हे आम्ही विचारलं नव्हतं."

तेव्हा सर ड्रॉइंग बोर्ड घेऊन गोठ्यात आले. "आता जसंच्या तसं काढून दाखवतो. कागदावर नुसता पसारा दिसेल."

"काढ. तिच्या मागे उभा राहू नकोस म्हणजे झालं."

सर काढत गेले. मेढ कललेली, दावं खाली झुकलेलं, पत्र्याची पन्हळ, वासराची पाठ. तासाभरानं त्यांनी चष्मा पुसला. पसारा काही दिसेना. एक बादली तेवढी खटकत होती. ते उठले आणि ती उजवीकडे सरकवून पुन्हा बसले. समोरचं अख्खं चित्र एका बाजूला कलंडलं. ते परत उठले, बादली मागे ठेवली, तरी जमेना.

बेटी पाठ करून दूध काढत होती. "चार बोटं डावीकडे," ती म्हणाली.

सरांनी बादली चार बोटं सरकवली. बुडाखालच्या दगडात खळगा होता, बादली त्यात टक्कन बसली आणि चित्र सरळ झालं.

"तुला न बघता कसं कळलं?"

"आवाजावरून. खळग्यात बसली नव्हती."

"खळगा कुणी केला?"

"बादलीनं. आजोबांच्या, बाबांच्या, माझ्या. सर, आता बोलू नकोस, ज्युली दूध चोरते, सोडत नाही."

सर अंधार पडेपर्यंत काढत बसले.

तीन राजांचा सण झाला आणि दुसऱ्या सकाळी गोठा पाडायला दोन माणसं पहारी घेऊन आली. ज्युलीच्या गळ्यात घालायला बेटीनं नवं दावं काढून ठेवलं होतं, तिचे डोळे सुजलेले होते. दारात सर बोर्ड आडवा धरून उभे.

"डॅडी, बाजूला व्हा ना," शेल्डन म्हणाला.

"काम चालू आहे."

"कसलं?"

"चित्राचं. संपेपर्यंत एक खिळासुद्धा हलवायचा नाही."

"मग गाडी कुठे लावू?"

"ओटीसमोर लाव. पुढच्या नाताळला देखावा छोटा करेन."

बेटीनं दावं खुंटीला परत टांगलं आणि पहारीवाल्यांना चहा ठेवला.

पुढचा नाताळ आला तरी चित्र संपलं नव्हतं. सर रोज सकाळी एखादी रेघ खोडत आणि बेटीचा चहा पीत. स्पर्धेला त्यांनी त्याच गोठ्याची छोटी प्रतिकृती केली, पत्र्याच्या भोकासकट, दगडाच्या खळग्यासकट. तिला उत्तेजनार्थ मिळालं. अभिप्रायात मॅडमनी लिहिलं होतं, "कौशल्य उत्तम, पण गाय पाहिलेली वाटत नाही."

बेटीनं तो कागद गोठ्यात नेऊन ज्युलीला वाचून दाखवला. तिनं तो खाल्ला.